पहिल्या चीन प्रवासासाठी कोणते शहर? बीजिंग, शांघाय, शीआन की चेंगदू-चोंगचिंग

दहा-बारा दिवसांची रजा, पाठीवर एक सॅक आणि पुढे झेंडा धरून चालणारा सहल कंपनीचा माणूस नाही, अशा बेताने चीनला निघणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो शहरे निवडण्याचा. सहल कंपन्यांचा ठरलेला मार्ग बीजिंग आणि शांघाय असा असतो, आणि स्वतंत्रपणे जाणारेही बहुधा तोच उचलतात. माझ्या मते पहिल्या खेपेला तो मार्ग तितकासा सोयीचा नाही. एकट्यादुकट्याने हिंडणाऱ्याला असे शहर लागते, की जिथे सकाळी उठल्यावर दिवस ठरवता येतो, वाट चुकली तरी काही बिघडत नाही आणि संध्याकाळी पाय दुखेपर्यंत चालल्यावर हाती काहीतरी लागलेले असते. या एकाच कसोटीवर पुढील शहरे ताडून पाहिली आहेत.

जे सगळीकडे सारखेच आहे ते आधी बाजूला काढतो. भारतीय पारपत्रधारकाला निघण्यापूर्वी व्हिसा घ्यावाच लागतो. पंचावन्न देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय 240 तास राहू देणारी संक्रमण सवलत भारताला लागू नाही. मात्र अमेरिकी किंवा ब्रिटिश पारपत्र असलेल्या मराठी मंडळींना, पुढचे तिकीट तिसऱ्या देशाचे असेल तर, तिचा लाभ घेता येतो. पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅट या अ‍ॅपला व्हिसा अथवा मास्टरकार्ड कंपनीचे बँककार्ड भारतातच जोडून ठेवावे, कारण यूपीआयचा तेथे उपयोग नाही. परदेशी कार्डावरून 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार लागत नाही, त्यापुढे तीन टक्के लागतो. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तेथील वायफायवर उघडत नाहीत, पण भारतीय सिमकार्डाच्या रोमिंगवर चालतात, त्यामुळे रोमिंगचा खर्च अंदाजपत्रकात धरूनच चालावे. हॉटेल किंवा हॉस्टेल आपली पोलीस नोंदणी परस्पर करते. ओळखीच्यांच्या घरी उतरल्यास मात्र ती चोवीस तासांत स्वतः करावी लागते. रेल्वेचे तिकीट साधारण पंधरा दिवस आधी 12306 या सरकारी अ‍ॅपवर निघते, आणि पारपत्र हेच तिकीट असते.

आता बीजिंग. पाहण्यासारखे सर्वाधिक येथे आहे यात वाद नाही. निषिद्ध नगरी म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, स्वर्गमंदिर, तासा-दोन तासांच्या अंतरावर चीनची भिंत, आणि 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला शहराचा मध्यवर्ती अक्ष, एवढे सगळे दुसऱ्या कोणत्याही चिनी शहराकडे एकत्र नाही. परंतु हे आरक्षणांचे शहर आहे. निषिद्ध नगरीचे तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन आणि हिवाळ्यात 40 युआन, म्हणजे महाग मुळीच नाही; अडचण अशी की ते सात दिवस आधी खुले होते, पारपत्राच्या क्रमांकावरच मिळते आणि गर्दीच्या हंगामात भराभर संपते. सोमवारी नगरी बंद असते. तिआनमेन चौकात पाऊल ठेवण्यासाठीसुद्धा आधी नाव नोंदवावे लागते.

पहिल्या भेटीत मी दोन दिवस आधी तिकीट काढू म्हणून स्वस्थ राहिलो आणि पाहतो तो पूर्ण आठवडा भरलेला. चूक सर्वस्वी माझी होती. शेवटी नगरीच्या पाठीमागच्या जिंगशान टेकडीचे दोन युआनचे तिकीट काढले. खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी आहे. माथ्यावरच्या मंडपातून दक्षिणेकडे पाहिले की पिवळ्या कौलांची छपरे एकामागे एक अशी पसरलेली दिसतात, की आत जाऊन आलेल्यांनाही एवढी मांडणी एका नजरेत सापडत नाही. तिकीट मिळाले तरी ही टेकडी चुकवू नये.

बीजिंगमधील दुसरा अडथळा अंतरांचा आहे. नकाशावर दोन चौक दूर वाटणारी जागा प्रत्यक्षात दोन किलोमीटरवर निघते, मेट्रोच्या प्रत्येक प्रवेशद्वारी सॅक यंत्रातून जाते, आणि दिवसातून सहा वेळा ती उतरवून पुन्हा चढवताना पाठीपेक्षा मनच अधिक थकते. याची भरपाई हुतोंग म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये होते. अंगणाभोवती खोल्या असलेल्या जुन्या घरांत येथे हॉस्टेले आहेत, आणि पहाटे त्या गल्ल्यांतून वाफाळणाऱ्या पावांच्या टोपल्या ओलांडत चालणे हा या शहराचा विनाआरक्षण मिळणारा भाग आहे. भिंतीसाठी बादालिंग सोयीचे, कारण तेथे जलदगती रेल्वे जाते. मुतिआन्यूला बस लागते, पण गर्दी त्यामानाने कमी असते. वेळ असल्यास मी मुतिआन्यू निवडेन.

बीजिंग निवडण्याचे एक कारण मात्र खास आपले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी आहे, आणि बीजिंगहून जलदगती गाडीने तेथे पोहोचायला तास-सव्वा तास पुरतो. सकाळी जाऊन दुपारी परतता येते.

शांघायबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हेच त्याचे गुण-दोष दोन्ही आहेत. नवख्या माणसाला याहून सोपे चिनी शहर मिळणार नाही. इंग्रजी पाट्या सर्वत्र आहेत, मेट्रो शहराच्या कानाकोपऱ्यात जाते, आणि पुडोंग विमानतळावरून चुंबकीय गाडी 50 युआनमध्ये आठ मिनिटांत शहराच्या कडेला आणून सोडते (मेट्रो सात-आठ युआनमध्ये शहराच्या मध्यापर्यंत नेते, पण तासभर घेते). ‘बंड’ हा नदीकाठचा जुना रस्ता, त्यापलीकडचे मनोरे, जुन्या फ्रेंच वसाहतीतील झाडांचे रस्ते, शांघाय संग्रहालय, एवढे दोन दिवसांत होते. तिसऱ्या दिवशी लोक जवळची सुझौ किंवा हांगझौ ही शहरे गाठतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. हॉस्टेलची खाटही येथे इतर शहरांपेक्षा महाग पडते. नानजिंग मार्गावर किंवा बीजिंगच्या वांगफूजिंगमध्ये कोणी अस्खलित इंग्रजीत ओळख काढून चहाला चला म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्या चहाचे बिल शेकडो युआनांत येते.

शीआनला पोहोचल्यावर पहिल्यांदा वाटते की हे शहर पायी फिरणाऱ्याच्या मापाचे आहे. मिंग काळातील तटबंदी आजही संपूर्ण उभी आहे, तिचा घेर 13.7 किलोमीटर आहे, आणि वर भाड्याची सायकल घेऊन पूर्ण फेरी मारता येते. तटावरून एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला नवे असे सलग दोन तास पाहिल्यावर दिशा डोक्यात पक्क्या बसतात, आणि मग नकाशा न काढता हिंडता येते. पहिल्याच दिवशी ही फेरी उरकावी असे मी सुचवेन. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले, पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे सैन्य शहरापासून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तिकीट 120 युआन असून तेही पारपत्रावर आधीच काढलेले बरे. स्थानकाबाहेर हाका मारणाऱ्यांच्या गाड्यांत मात्र बसू नये, मेट्रो आणि पुढे बस पुरेशी आहे.

मला शीआनमध्ये सैन्यापेक्षा महान हंस स्तूप अधिक जवळचा वाटला. युआन श्वांग यांनी भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी 652 मध्ये तो बांधला गेला. याच युआन श्वांग यांनी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्र पाहिला होता आणि येथील लोक उपकार विसरत नाहीत, तसेच अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे लिहून ठेवले. शाळेच्या पुस्तकातला तो प्रवासी ज्या आवारात बसून भाषांतरे करीत असे, तेथे उभे राहिल्यावर विटांचा साधा मनोराही वेगळा दिसतो.

शाकाहारी प्रवाशाच्या दृष्टीने या चारही ठिकाणांत शीआन सर्वांत सुखाचे ठरते. हा गव्हाचा प्रदेश आहे. व्हिनेगर, लसूण आणि मिरचीचे तेल घातलेले ल्यांगपी म्हणजे गार शेवया, आणि पट्ट्यासारख्या रुंद ब्यांगब्यांग शेवया बिनमांसाच्या मागता येतात. मुस्लिम वस्तीत डुकराचे मांस मिळत नाही, एवढ्याने अनेक मराठी मंडळींची निम्मी काळजी दूर होते. बीजिंगमध्ये शाकाहार शोधावा लागतो. शांघायमध्ये तो उत्तम मिळतो, पण त्यासाठी 1922 पासून चाललेल्या गोंगदेलिनसारखे उपाहारगृह गाठावे लागते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी सर्वत्र बौद्ध विहारांची भोजनगृहे पाहावीत, कारण कडक विहारांत ते पदार्थ शिजतच नाहीत.

चेंगदू आणि चोंगचिंग ही जोडी मी एकत्रच धरतो, कारण दोन्हींमध्ये जलदगती गाडीने दीड तासाच्या आसपासचे अंतर आहे आणि स्वभावाने ती एकमेकांची उणीव भरून काढतात. चेंगदू सपाट, ढगाळ आणि निवांत आहे. सकाळी पांडा केंद्रावर दार उघडतानाच पोहोचावे, कारण खाणे झाल्यावर पांडे झोपतात आणि मग आपण 55 युआन देऊन पाठमोरे गोळे पाहत बसतो. त्यानंतर मात्र काही ठरवण्याची गरज उरत नाही. जनता उद्यानातील चहाघरात बांबूच्या खुर्चीवर बसले की झाकणाच्या पेल्यात चहा येतो आणि पाणी संपेल तसे कोणीतरी पुन्हा भरून जाते. तीन तास बसले तरी कोणी उठवत नाही. कान साफ करणारा माणूस लोखंडी चिमटा टणत्कारत टेबलांमधून फिरत असतो. एकट्या माणसाला एवढी सहज जागा देणारे दुसरे मोठे शहर मी चीनमध्ये पाहिले नाही.

सिचुआनी जेवणाबद्दल आपल्याकडे फक्त तिखटाची धास्ती असते. खरी गंमत हुआजिआव या मसाल्यात आहे. पहिला घास घेतला, ओठ बधिर झाले आणि जिभेवर मुंग्या आल्या, तेव्हा मला एकदम मालवणी बांगड्याचे तिखले आठवले. ते योग्यच होते, कारण आपले तिरफळ आणि हुआजिआव एकाच वनस्पतिकुळातल्या एकाच प्रजातीतील भावंडे आहेत. कोकणी किंवा गोव्याच्या माणसाला हे जेवण परके वाटणार नाही. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध असावे: मापो तोफूत सहसा गोमांसाचा खिमा असतो, आणि उलट ‘माशाच्या वासाची वांगी’ या नावाच्या भाजीत मासा अजिबात नसतो, फक्त खिमा घालू नका असे आधी सांगावे लागते. वेनशू विहारातील शाकाहारी भोजनगृह हा खात्रीचा आसरा आहे. चोंगचिंगच्या हॉटपॉटचा रस्सा गाईच्या चरबीत बनतो, तेथे शाकाहाऱ्याने बसूच नये.

चोंगचिंग हे यांगत्से आणि जियालिंग या नद्यांच्या संगमावर डोंगरांवर चढलेले शहर आहे, आणि येथे नकाशा निरुपयोगी ठरतो. सपाट चौकातून इमारतीत शिरावे, तर आपण बाविसाव्या मजल्यावर असतो आणि रस्ता खाली कुठेतरी राहतो. लिझिबा येथे मेट्रो निवासी इमारतीच्या पोटातून आरपार जाते. यांगत्सेवरचा 1987 चा रोपवे, रात्री उजळणारे होंग्यादोंग, न संपणाऱ्या पायऱ्या, या कशालाही आठवडाभर आधीचे नियोजन लागत नाही. वाट चुकणे हाच येथील कार्यक्रम आहे. गुडघे दुखत असतील, किंवा जुलै-ऑगस्टमध्येच जाणे शक्य असेल, तर मात्र हे शहर टाळावे, कारण तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. एक दिवस राखून चोंगचिंगजवळच्या दाझूची शिल्पे अवश्य पाहावीत. वेरूळ पाहिलेल्याला कातळातल्या बौद्ध शिल्पांचे अप्रूप नसेल असे वाटते, पण तेथील बाओदिंगशानच्या घळीत कोरलेल्या नरकयातना, म्हशी राखणारे गुराखी आणि आईबापांची सेवा करणारी मुले आपल्याकडच्या लेण्यांत सहसा दिसत नाहीत.

खर्चात आश्चर्यकारक फरक नाही, पण तो जाणवतो. शीआन, चेंगदू आणि चोंगचिंगमध्ये हॉस्टेलची खाट साधारण 50 ते 80 युआनांत मिळते. बीजिंग आणि शांघायमध्ये तिला 100 किंवा अधिकही पडतात. युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये धरावा. महाग असते ती जलदगती रेल्वे, म्हणून शहरे जवळजवळची निवडणे हाच बचतीचा सरळ मार्ग. बीजिंग ते शांघाय 1,318 किलोमीटर, साडेचार तास आणि पाचशेहून अधिक युआन. शीआन ते चेंगदू मात्र 2017 पासून चिनलिंग पर्वताखालील बोगद्यांतून साडेतीन-चार तासांवर आले आहे, आणि भाडे जवळपास निम्मे.

भारतातून थेट विमाने 2020 पासून बंद होती, ती ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिली विमाने ग्वांगझूला उतरली. जमशेटजी जीजीभॉय यांनी याच बंदराशी व्यापार करून संपत्ती मिळवली. तेव्हा तेथे उतरावे लागल्यास एक दिवस जुन्या शामियान बेटासाठी आणि सकाळच्या दिमसमसाठी, म्हणजे चहासोबतच्या वाफवलेल्या पदार्थांसाठी, ठेवावा, पण एप्रिल आणि ऑक्टोबरमधील व्यापारमेळ्याच्या काळात ठेवू नये, कारण हॉटेलांचे दर तेव्हा दुपटीने चढतात. ग्वांगझूहून हाँगकाँगला जाऊन परत चीनमध्ये यायचे असेल, तर दुहेरी प्रवेशाचा व्हिसा आधीच मागावा.

नऊ-दहा दिवस असणाऱ्याने शीआन तीन, चेंगदू तीन आणि चोंगचिंग तीन अशी वाटणी करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. चौदा दिवस असतील आणि आरक्षणे वेळेवर करण्याची शिस्त अंगी असेल, तर सुरुवातीला बीजिंगचे चार दिवस जोडावेत व तेथून रात्रीच्या शयनयानाने शीआन गाठावे. सहा जणांच्या खणातली ती रात्र एका हॉटेलचे भाडेही वाचवते. आईवडील सोबत असतील, किंवा परदेशात एकट्याने हिंडण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर शांघायच बरे. तारखा ठरवताना मात्र आपली सवय आड येते. महाराष्ट्र दिनाला जोडून मे महिन्याची सुटी घेणे आपल्याकडे स्वाभाविक, पण 1 मेपासूनचे दिवस चीनमध्येही कामगार दिनाच्या सुटीचे असतात, आणि 1 ते 7 ऑक्टोबरला तर सारा देश रस्त्यावर उतरतो. त्या दोन आठवड्यांत चेंगदूच्या चहाघरातही खुर्ची रिकामी मिळत नाही.