छोट्या वस्तीचं सांडपाणी: स्थिरीकरण तळी की सक्रिय गाळ प्रक्रिया?

जागा असेल, तर माझा कौल तळ्यांना. एक ते दीड मीटर खोल पाण्यात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, जिवाणू घाण पचवतात. वीज जवळपास लागतच नाही. मात्र पाणी काही आठवडे साठवावं लागतं आणि बाहेर पडताना शेवाळही सोबत जातं.

सक्रिय गाळ प्रक्रियेत, म्हणजे टाकीत यंत्राने हवा सोडून जिवाणूंनी भरलेल्या गाळाकडून घाण पचवून घेण्यात, हेच काम काही तासांत, थोड्या जागेत होतं. पण हवा पुरवणारे ब्लोअर बंद पडले की जिवाणू गुदमरतात आणि अर्धवट शुद्ध झालेलं पाणी थेट ओढ्यात जातं. लहान वस्तीकडे रात्रपाळीचा ऑपरेटर असतो कुठे?

शुद्ध केलेलं पाणी पुढे एखाद्या तलावात जाणार असेल, तर मात्र मी मत बदलेन. तलावात शेवाळ माजू नये म्हणून तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरस नेमकेपणाने काढावे लागतात, आणि ते एकट्या तळ्यांना झेपत नाही.