काळ्या रंगाखाली जुने शॉकअप

आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, यवतमाळ जिल्ह्यात. पिकअपच्या हौद्यात पाइप, पडदे, गाद्या आणि मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली. जनरेटरसकट ट्रॉलीचं वजन बारा क्विंटलच्या आसपास. लग्नसराईच्या तोंडावर गाडी मागून उड्या मारायला लागली. मागच्या टायरांवर हात फिरवला तर जागोजागी खळगे लागत होते. शॉकअप, म्हणजे चाकाची उसळी जिरवणाऱ्या तेलाच्या नळ्या, गेले हे मलाही समजलं. बदलून कोणते घ्यायचे, तिथं मी फसलो.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, ट्रॉली ओढता न तुम्ही, मंग साधे नोका घेऊ. हे हेवी आहेत, वजन हेच घेतात. गाडी मांगून बसतच नाही." खोकं नावाजलेल्या कंपनीचं, शॉकअपवर चकचकीत काळा रंग. चार नगांचे ५,२०० सांगितले, ४,६०० वर सौदा ठरला. जुने चार त्यानं "भंगारात टाकतो" म्हणून ठेवून घेतले आणि नगामागे ५० रुपये कमी केले. बिल मागितलं तर म्हणे, बिल पाहिजे असेल तर वरून जीएसटी लागेल. पैसे वाचतात म्हणून मी गप्प बसलो, रोख दिले आणि निघालो.

अठरा दिवस झाले असतील. घाटंजीहून पांढरकवड्याकडे रात्री येत होतो, पुतण्या चालवत होता. एका खड्ड्यानंतर गाडीचा मागचा भाग उसळला तो बसेचना, आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झुलायला लागली. जनरेटरचं धूड मागून गाडीला हिसके देत होतं. पोरानं ब्रेक दाबला नाही, पाय अॅक्सिलेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. त्यामुळेच वाचलो. हौद्यात तीन मजूर झोपले होते. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

सकाळी मिस्त्रीनं गाडीखाली शिरून एक शॉकअप सोडवला. नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ थापली होती. त्यानं पेचकसानं रंग खरवडला. काळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गंज. नळीत आत-बाहेर होणाऱ्या रॉडवर नखाला लागतील असे बारीक खड्डे होते. असा रॉड नवीन सीलही, म्हणजे नळीच्या तोंडाशी तेल अडवणारं रबरही, कापून टाकतो. बोल्ट जातो त्या कडीत रबर कोरं होतं, पण कडी आतून झिजून लांबट झालेली. रॉड आत दाबला तर निम्म्यापर्यंत हातालाही जोर लागला नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचे फेकलेले शॉकअप धुऊन, तेल भरून, रंगवून माझ्या गळ्यात मारले होते. आणि माझे जुने चार त्याच दुकानात राहिले, ते कुठं गेले असतील हे सांगायला नको.

वजनाची गोष्टही खोटीच होती. वजन पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उचलतात, शॉकअप नाही. नळीत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून ते दाबानं जातं आणि पाट्यांची उसळी तिथं जिरते, तिची उष्णता होते. खराब रस्त्यावर ओझं ओढत तासभर चाललं की शॉकअपला हात लावता येत नाही. तापलेल्या तेलात फेस झाला की त्याचा जोर जातो. म्हणून ओढणाऱ्या गाडीला नायट्रोजन गॅस भरलेले बरे, गॅसच्या दाबामुळे फेस कमी होतो. गाडी मागून बसत असेल तर पाटे बघा, नाहीतर ट्रॉलीतलं वजन पुढं-मागं सरकवा. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा गाडीच्या हुकावर यावा. फार कमी आला तर ट्रॉली झुलते, जास्त आला तर गाडीचं तोंड वर होतं. जादा पाटा टाकलेला असेल तर शॉकअपची लांबी मोजूनच घ्या, नाहीतर तो उभ्या गाडीतच पूर्ण ताणलेला राहतो.

दुकानदाराकडे परत गेलो तर म्हणाला, "शॉकअपले गॅरंटी नसते, अन् हे माह्याच दुकानातले कशावरून?" बिल नव्हतं, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते पैसे बुडालेच.

घेण्याआधी दुकानातच शॉकअप रॉड वर करून उभा धरा आणि चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा. आडवा पडून राहिलेला नवा शॉकअप पहिल्या एक-दोन दाबांत पोकळ लागू शकतो, नंतर मात्र जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे. गॅसचा असेल तर दाबून सोडल्यावर रॉड आपोआप बाहेर येतो. रॉडवरून नख फिरवा, कडीच्या आत बोट घाला. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेवढ्यासाठी बिल सोडू नका. बिल असलं की १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. धंद्याची गाडी म्हणून कोणी हाकललं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्यानं ग्राहकच असतो.

आता बिलासकट चारही नवे बसवले आहेत. काढलेले चार मी घरी आणले आणि प्रत्येकाच्या रॉडवर आरीनं खोल खाच पाडली, त्यावर आता कोणतंच सील टिकणार नाही. मगच भंगारवाल्याला दिले.