‘सिक्स-पॅक’ कॅप्टन लायसन्सचा ऑनलाइन कोर्स: हिवाळाभर वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो: पाचपैकी साडेतीन. परीक्षा पास व्हायला कोर्स पुरेसा आहे. पण लायसन्सच्या वाटेवरचा तो शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा. विकणारे हे पहिल्या पानावर सांगत नाहीत, म्हणून दीड तारा कापला.

लायसन्स कसलं ते थोडक्यात. अमेरिकेत पैसे घेऊन माणसांना बोटीवर न्यायचं, मासेमारीला असो की नुसतं फिरायला, तर कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. त्यातलं सुरुवातीचं म्हणजे ओयूपीव्ही (ऑपरेटर ऑफ अनइन्स्पेक्टेड पॅसेंजर व्हेसल्स). पैसे देणारे प्रवासी जास्तीत जास्त ६, म्हणून सगळे त्याला ‘सिक्स-पॅक’च म्हणतात. मी न्यू जर्सीत राहतो, बोट रॅरिटन बेमध्ये असते, आणि उन्हाळ्यात ‘आम्हालाही ने की’ म्हणणारे कमी नसतात. शनिवार-रविवारचा जोडधंदा होईल का बघू, इतपतच विचार होता. थंडीत बोट पाण्याबाहेर काढली आणि कोर्सचे पैसे भरले.

आता ती शेवटच्या टप्प्याची गोष्ट. अर्जाला ३६० दिवसांचा बोटीवरचा अनुभव लागतो, त्यातले ९० दिवस मागच्या ३ वर्षांतले. छोट्या बोटीवर किमान ४ तास घालवले की एक दिवस धरतात. बोट स्वतःची असेल तर मालकीचा पुरावा जोडून आपणच सही करायची, दुसऱ्याची असेल तर मालकाची सही आणायची. खाडीबाहेर समुद्रात जायची परवानगी हवी असेल तर ९० दिवस तिकडच्या पाण्यातले दाखवावे लागतात, नाहीतर ‘इनलँड’वर समाधान मानायचं. आणि कोर्सचं प्रमाणपत्र चालतं फक्त १ वर्ष! आमच्या चॅट ग्रुपमधल्या एका गृहस्थांचे निम्मेही दिवस भरलेले नव्हते. कोर्स हौसेने पूर्ण केला, आता दिवस भरेपर्यंत तो बाद होणार. विक्रीच्या पानावर ही अट होती, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात. तेव्हा आधी जुन्या फेऱ्यांच्या तारखा कागदावर काढा, मग कार्ड स्वाइप करा. त्याशिवाय बोटांचे ठसे देऊन ट्विक कार्ड (बंदर-जहाजांवर काम करणाऱ्यांचं सरकारी ओळखपत्र), मेडिकल फॉर्म (रंग ओळखण्याची चाचणी त्यातच), ड्रग टेस्ट, प्रथमोपचार आणि सीपीआर. यातलं काहीच अवघड नाही, पण प्रत्येकाची फी वेगळी आणि खेटे वेगळे.

अभ्यासात खरा घाम काढतात ते ‘रूल्स ऑफ द रोड’, म्हणजे बोटींची टक्कर टाळायचे वाहतुकीचे नियम. बाकीच्या पेपरांना ७० टक्के चालतात, इथे ९० लागतात. म्हणजे ३० प्रश्नांत ३ चुका माफ, चौथीला घरी. कोर्सचे व्हिडिओ इथे खरंच चांगले आहेत. दिव्यांचे कोन मी घोकत बसलो नाही: डोलकाठीचा पांढरा २२५ अंश, बाजूचे लाल-हिरवे ११२.५-११२.५, मागचा १३५. दोन्ही बाजूंचे मिळून २२५ होतात आणि त्यात मागचा मिळवला की ३६०. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की समोरच्या बोटीचा फक्त मागचा दिवा दिसतोय म्हणजे आपण ओव्हरटेक करतोय, वाट आपण द्यायची, हे आपोआप कळतं.

खोडसाळ प्रश्न असतात ते आंतरराष्ट्रीय आणि इनलँड नियमांच्या फरकावर. एक छोटा भोंगा: समुद्रात त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’. इनलँड पाण्यात अर्थ ‘तुला माझ्या डाव्या बाजूला ठेवून जायचा विचार आहे’, आणि समोरच्याने तसाच भोंगा देऊन होकार द्यायचा. आमच्याकडे ही सीमारेषा सँडी हूकच्या दीपगृहावरून जाते, त्यामुळे एकाच सकाळी दोन्ही नियम लागू होतात. धुक्याचाही एक प्रश्न हमखास फसवतो. एकमेकांना न दिसणाऱ्या बोटींत ‘आधी मी’ असा हक्क कुणालाच नसतो, शिडाच्या बोटीलासुद्धा नाही.

सराव प्रश्नांत मात्र मोठी खोट आहे. प्रश्न उलटसुलट येतात, पण पर्यायांचा क्रम कायम तोच. आठवड्याभरात उत्तर वाचायच्या आधीच बोट तिसऱ्या पर्यायावर जातं. चुकलं तर बरोबर उत्तर दाखवतात, कारण दाखवत नाहीत. मी शेवटी कोस्ट गार्डने प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न छापून घेतले.

चार्टचं काम सगळ्यात मजेचं. सरावाचा नकाशा १२१० टीआर, मार्थाज व्हिनयार्ड ते ब्लॉक आयलंड. डायनिंग टेबल पुरतं व्यापतो, हिवाळाभर आम्ही सोफ्यावर जेवलो. कोर्ससोबत आलेली पॅरलल पट्टी गुळगुळीत. रेषेवरून नकाशावर छापलेल्या होकायंत्राच्या चक्रापर्यंत सरकवताना शेवटच्या पावलाला हमखास निसटते. रबरी रोलरची पट्टी वेगळी घेतली आणि शिव्या देणं बंद झालं. पेन्सिल ०.५ चीच वापरा. पर्याय इतके जवळजवळ असतात की जाड रेघेने उत्तर शेजारच्या पर्यायावर जातं. गंमत म्हणजे हे नकाशे काढणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेने पारंपरिक कागदी नकाशे बंद केलेत, पण परीक्षा कागदावरच.

नकाशावरची खरी (ट्रू) दिशा होकायंत्रावरच्या दिशेत बदलताना दोन फरक धरायचे: व्हेरिएशन म्हणजे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला, डेव्हिएशन म्हणजे बोटीवरच्या लोखंडामुळे होकायंत्रात येणारा. ट्रू, व्हेरिएशन, मॅग्नेटिक, डेव्हिएशन, कंपास हा क्रम लक्षात ठेवायला कोर्समधलं इंग्रजी वाक्य घरात मोठ्याने म्हणण्यासारखं नाही. मी आपलं केलं: ‘टपरीवर वडा मिळतो, डावीकडे कांदाभजी’. या दिशेने जाताना पश्चिम मिळवायची, पूर्व वजा करायची. ट्रू ०८५, व्हेरिएशन १५ पश्चिम, मॅग्नेटिक १००, डेव्हिएशन ३ पूर्व, कंपास ०९७. परीक्षेत कच्च्या कागदावर सगळ्यात आधी ट-व-म-ड-क लिहिलं.

पास झाल्यावर एक सीझन काढला, त्यावरून सांगतो. बोट धक्क्याला लावणं, वाऱ्यात नांगर धरणं यातलं कोर्स काही शिकवत नाही, आणि या लायसन्सला प्रात्यक्षिक परीक्षाच नाही. उपयोगी पडले ते नियम. न्यूयॉर्क बंदरात शिरायच्या अँब्रोज चॅनेलमधून कंटेनर जहाज येत असताना २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीने त्याच्या वाटेत यायचं नाही, हे पूर्वी भीतीपोटी पाळायचो, आता नियम ९ म्हणून पाळतो.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: यावर मांडव्याची लाँच चालवता येणार नाही, तिकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आणि वेगळी प्रमाणपत्रं. बोयांचे रंगसुद्धा उलटे. इथे बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे ठेवतात, मुंबईत डावीकडे.

दिवस भरलेले असतील आणि रोज तासभर बसायची तयारी असेल तर घ्या. दिवस कमी असतील तर या हिवाळ्यात फक्त नियमांचं पुस्तक आणि नकाशा आणा. कोर्स पुढच्या वर्षी सवलतीत मिळेलच, सवलत कायमच चालू असते. पट्टी मात्र पहिल्या दिवसापासून रोलरची.