इंग्रजी साहित्य: चॉसरकडून खाली उतरायचं की एलियटकडून मागे जायचं?

एम.ए. इंग्रजीचा फॉर्म भरलेले असोत, की ‘निवृत्त झालो, आता तरी वाचू’ म्हणणारे, पहिला प्रश्न एकच असतो: सुरुवात कुठून करू? रूढ वाटा दोन आहेत. एक कालक्रमाची, म्हणजे चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्सवर्थ, डिकन्स, एलियट. दुसरी उलटी, विसाव्या शतकापासून मागे मागे जाण्याची. मी दोन्ही चालून पाहिल्या आहेत आणि पहिल्या वाटेवर पहिल्याच महिन्यात बसकण मारली होती.

कालक्रम कागदावर सुबक दिसतो. ‘बेवुल्फ’ हे 3182 ओळींचं काव्य ज्या जुन्या इंग्रजीत आहे ती वेगळी भाषा म्हणूनच शिकावी लागते. तिथे भाषांतर वाचावं आणि पुढे सरकावं. खरा घाट चॉसरचा. 1387 च्या आसपास त्यानं ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतलं. त्याची पहिली ओळ कानाला साधारण अशी लागते: ‘व्हान दॅट आप्रिल विथ हिज शूरेस सोते’. शूरेस म्हणजे सरी, सोते म्हणजे गोड. एप्रिलच्या गोड सरी मार्चच्या कोरडेपणात मुळापर्यंत मुरल्या की लोकांना यात्रेला निघावंसं वाटतं, एवढाच मतलब.

आपल्याला हे अवघड जायचं कारण नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची, चॉसरच्या या कामापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुनी, आणि ती आपण सार्थ प्रतीतून वाचतोच की: वर ओवी, खाली अर्थ. चॉसरचीही शेजारी अर्थ दिलेली प्रत घ्यायला हवी. मी ऐटीत नुसतं मूळ आणलं. सरदार झाला, त्याचा मुलगा झाला, त्यांचा नोकर झाला आणि चौथी ती मठाची मुख्य बाई, जी जेवताना बोटं रश्श्यात खोल बुडू देत नाही. तिच्यापाशी मी दमलो. आज विचाराल तर ते वर्णन मला तोंडपाठ आहे आणि अजूनही हसू येतं. तेव्हा मात्र प्रत्येक ओळीला शब्दकोश उघडत होतो आणि बाईंची गंमत शब्दार्थांखाली चिरडली जात होती.

तरी या वाटेचं एक देणं दुसऱ्या वाटेवर मिळत नाही: कशातून काय आलं हे कळतं. 1642 मध्ये कर्मठ प्युरिटनांचा जोर असलेल्या संसदेनं लंडनची नाट्यगृहं बंद केली आणि 1660 मध्ये राजा परतल्यावर ती उघडली. हे माहीत असलं की त्यानंतरची नाटकं एवढी चावट का, हे वेगळं सांगावं लागत नाही. तसंच वर्ड्सवर्थचं. 1798 मध्ये त्यानं आणि कोलरिजनं ‘लिरिकल बॅलड्स’ काढलं. आज त्या कविता इतक्या साध्या वाटतात की यात बंड कसलं, असं कुणीही विचारेल. त्याआधी अलेक्झांडर पोप या कवीची घोटून गुळगुळीत केलेली, दोन दोन ओळींची यमकं महिनाभर वाचलेली असली, तरच वर्ड्सवर्थचा साधेपणा कानाला गार लागतो. आपल्याकडे पंडिती काव्यानंतर केशवसुत वाचताना असंच काहीसं होतं. केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीतही (चौदा ओळींची कविता, म्हणजे सॉनेट) इंग्रजी कवितेकडूनच आलं.

आता उलटी वाट. तिचा मोह साहजिक आहे, कारण भाषा आजची असते. पण फसवणूकही तिथेच आहे. 1922 हे साल घ्या. त्या एका वर्षात जॉइसची ‘युलिसिस’ आणि एलियटची ‘द वेस्ट लँड’ आली. शब्द ओळखीचे, वाक्यं छोटी, आणि तरी पाच पानांत डोकं गरगरतं. ‘द वेस्ट लँड’ची सुरुवातच एप्रिल हा सगळ्यांत क्रूर महिना असल्याचं सांगून होते. चॉसरच्या गोड सरी माहीत असतील तर या वाक्याची थप्पड बसते. नसतील तर ती एका उदास माणसाची तक्रार वाटते. (आपला एप्रिल म्हणजे घामाच्या धारा, त्यामुळे मराठी वाचक एलियटशी लगेच सहमत होतो, तेही चुकीच्या कारणानं.)

याच कवितेत आपल्याला एक हक्काची जागा मात्र आहे. शेवटच्या भागात मेघगर्जना होते: दत्त, दयध्वम्, दाम्यत (द्या, दया करा, स्वतःला आवरा). ही बृहदारण्यक उपनिषदातली गोष्ट. प्रजापती ‘द’ एवढंच म्हणतो. देव त्यातून ‘दाम्यत’ ऐकतात, माणसं ‘दत्त’, असुर ‘दयध्वम्’. एलियटनं क्रम बदलून माणसांचा ‘दत्त’ पहिला आणला. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याला यासाठी टीप उघडावी लागते, तुमच्या आजोबांना कदाचित लागली नसती.

उलट्या वाटेवर दुसरी एक गंमत आहे. नवी पुस्तकं जुन्या पुस्तकांकडे बोट दाखवत असतात. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चं (1958) नावच येट्सच्या कवितेतून घेतलेलं आहे. जीन ऱ्हीसची ‘वाइड सारगॅसो सी’ (1966) वाचली की 1847 च्या ‘जेन एअर’मधली माळ्यावर कोंडलेली बाई नाव-गाव असलेली माणूस होऊन समोर येते. मग ‘जेन एअर’ वाचल्याशिवाय राहवत नाही. कुतूहलानं मागे जाणाऱ्याला ही वाट चांगली. ज्याला संदर्भ न लागल्याची चिडचिड होते, त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

मला विचाराल तर दोन्ही टोकं सोडा आणि मधून शिरा, 1813 मधून. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. घरात पाच मुली, इस्टेट जाणार दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे, आणि शेजारी राहायला आलेल्या मुलाचं वार्षिक उत्पन्न चार-पाच हजार पौंड, त्याच्या मित्राचं दहा हजार. स्थळं बघण्याचा हा खटाटोप मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. ऑस्टिनचा उपरोधही लगेच पोचतो, कारण तसं तिरकस बोलणारी एखादी मावशी प्रत्येकाला असतेच. त्यानंतर डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. ती 1860-61 मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं छापली गेली, म्हणून तशीच वाचावी: आठवड्याला एक-दोन प्रकरणं. प्रकरणाचा शेवट मुद्दाम अडकवणारा असतो, तो तुम्हाला ओढून नेईल. ही दोन झाली की कान तयार होतो. मग कवितेत कीट्सच्या 1819 च्या ओड्सकडे (कुणाला तरी उद्देशून लिहिलेल्या कविता) जा, नाहीतर पुढे कादंबरीकार हार्डीकडे. दोन्ही पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे नाही जमलं तरी पैसे गेले म्हणून हळहळायला नको.

शेक्सपिअरला या क्रमात बसवू नका. तो कुठेही चालतो, मात्र आधी प्रयोग पाहावा आणि मग पुस्तक उघडावं. ‘मॅकबेथ’ आटोपशीर आहे, तिथून सुरू करा.

नेट-सेट द्यायची असेल तर माझा सल्ला गुंडाळून ठेवा आणि कालक्रमच धरा. तिथे पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमानं लावायला सांगतात आणि ‘मला ऑस्टिन आधी भेटली’ या उत्तराला गुण नाहीत. तारखांचा एक कागद भिंतीवर चिकटवा, वाचन मात्र त्या कागदाच्या तालावर करू नका.

आणि मिल्टन. ‘पॅरडाइज लॉस्ट’ची 1674 च्या आवृत्तीत बारा पुस्तकं, म्हणजे सर्ग, आहेत. सुरुवातीला पहिली दोनच घ्या, सैतानाची भाषणं तिथेच आहेत. ती मनात वाचून काही हाती लागत नाही, खड्या आवाजात म्हणावी लागतात. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.