सिम्युलेटरच्या वाऱ्यालाही ब्रेक हवा: बीटीएस ७९६० मोटर ड्रायव्हर बोर्डाचे परीक्षण

घरी बांधलेल्या रेसिंग सिम्युलेटरला गाडीच्या वेगानुसार तोंडावर वारा देणारे पंखे जोडले, की ते वेग पकडायला उशीर लावतात अशी तक्रार बहुतेक जण करतात. पण खरा रसभंग होतो तो वारा उतरायला लागणाऱ्या वेळामुळे. ‘असेटो कोर्सा’ या रेसिंग खेळात मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी पहिल्या शिकेनपाशी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांपाशी) काही क्षणांत शंभराच्या खाली येते. त्या वेळी गाडी वळणात शिरलेली असते आणि तोंडावर मात्र अजून सरळ रस्त्यावरचाच वारा येत असतो. हा उशीर कमी करण्यासाठी मी बीटीएस ७९६० चिपचा मोटर ड्रायव्हर बोर्ड (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारा बोर्ड) वापरत आहे आणि या कामासाठी इतक्या कमी पैशांत इतका उपयोगी दुसरा भाग माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या रिगवर (सिम्युलेटरच्या चौकटीवर) बोटीच्या इंजिनकक्षातील हवा बाहेर टाकण्यासाठी वापरतात तसे १२ व्होल्टचे, चार इंची तोंडाचे दोन ब्लोअर आहेत. त्यांच्यात ब्रश असलेली साधी डीसी मोटर असते आणि या बोर्डाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. संगणकाच्या चार तारांच्या पंख्यात मोटर चालवणारे सर्किट पंख्याच्या आतच असते; आपण फक्त २५ किलोहर्ट्झचा नियंत्रण संकेत देतो आणि वेग किती झपाट्याने बदलायचा हे ते सर्किट ठरवते. संकेत शून्यावर आणला तरी सामान्यतः पाती आपल्या गतीनेच फिरत राहतात. शिवाय पात्यांना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होत असल्यामुळे पंखा सुरुवातीला भराभर मंदावतो आणि शेवटचा टप्पा मात्र रेंगाळत पार करतो.

बीटीएस ७९६० येथे उपयोगी पडतो. बोर्डावर दोन स्वतंत्र अर्धे ब्रिज, म्हणजे वर एक आणि खाली एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या जोड्या, असतात. पीडब्ल्यूएमचा (वेग ठरवण्यासाठी झपाट्याने चालू-बंद होणारा) संकेत बंद असताना खालचा मॉसफेट चालू होतो, मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात आणि फिरणारी मोटर स्वतःच जनित्र होऊन स्वतःला अडवते. ब्लोअरची हवा चेहऱ्याकडे नेणाऱ्या नळीच्या तोंडाला लोकरीचा धागा बांधून हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. ब्रेक नसताना धागा कितीतरी वेळ आडवाच फडफडत राहतो. ब्रेक लागू असताना गिअर उतरवत असतानाच तो खाली लोंबू लागतो.

यात एक अट आहे. अर्धे ब्रिज चालू-बंद करणाऱ्या आर-ईएन आणि एल-ईएन या दोन्ही पिना कायम चालू ठेवल्या पाहिजेत. अनेक तयार प्रोग्रामांत वेग शून्य होताच या पिना बंद केल्या जातात. तसे केल्यास दोन्ही मॉसफेट सुटतात, मोटर मोकळी फिरत राहते आणि ज्यासाठी बोर्ड घेतला तो फायदाच हातचा जातो.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी सोय अशी, की ब्लोअर एकाच दिशेने फिरवायचा असल्यामुळे त्याला पूर्ण ब्रिजची (दोन्ही अर्ध्या ब्रिजांची मिळून) गरज नसते. ब्लोअरची एक तार बोर्डाच्या एम-प्लस या मोटर जोडण्याच्या टोकाला आणि दुसरी सरळ ग्राउंडला, तसेच दुसऱ्या ब्लोअरची एक तार एम-मायनसला आणि दुसरी ग्राउंडला जोडली, तर एकाच बोर्डावर डावा व उजवा असे दोन्ही ब्लोअर स्वतंत्रपणे चालतात आणि ब्रेक दोघांनाही मिळतो. वळणात बाहेरच्या बाजूचा वारा थोडा वाढवायचा असेल, तर याच जोडणीत ते करता येते.

बोर्डाला संकेत देणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रकाच्या ९ आणि १० क्रमांकांच्या पिना मुळात सुमारे ४९० हर्ट्झवर चालतात आणि त्यामुळे मोटर कर्कश शिटी वाजवते. या पिना चालवणारा टायमर-१ प्रोग्राममध्ये फेज-करेक्ट पद्धतीत ठेवून आयसीआर-१ या त्याच्या रजिस्टरमध्ये ४०० ही किंमत दिली, की २० किलोहर्ट्झ मिळतात आणि शिटी बंद होते. बोर्ड २५ किलोहर्ट्झपर्यंत चालतो. जुना एल२९८एन बोर्ड मात्र या कामासाठी घेऊ नये. त्यात व्होल्टेज फार पडते आणि एका वाहिनीची मर्यादा दोन अँपिअर असल्यामुळे अशा ब्लोअरपुढे तो टिकत नाही.

दोषही सांगायला हवेत. बोर्डावर छापलेला ४३ अँपिअरचा आकडा चिपच्या प्रवाहमर्यादेचा आहे. मागे लावलेल्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तेवढा प्रवाह सतत वाहू देण्याचा विचारही करू नये. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वेग पूर्ण शून्यावर न आणता मधल्या पातळीवर झटकन उतरवला, तर मोटरमधील ऊर्जा उलट पुरवठ्याकडे ढकलली जाते, व्होल्टेज वर चढते आणि काही स्विचिंग पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतात. बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या टोकांवर २५ किंवा ३५ व्होल्टचा, निदान २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा आणि घसरण साधारण दशांश सेकंदात पसरवावी. तेवढा उशीर चेहऱ्याला जाणवत नाही.

उरलेला उशीर बोर्डाबाहेरचा आहे. खेळातील वेगाची माहिती आर्डुइनोला पाठवणाऱ्या सिमहब या प्रोग्रामचा परवाना नसेल, तर माहिती सेकंदाला १० वेळाच जाते आणि परवाना घेतल्यावर ६० वेळा. म्हणजे दोन आज्ञांमधले अंतर १०० मिलिसेकंदांवरून सुमारे १७ वर येते. संगणक आणि आर्डुइनो यांच्यातील सिरियल जोडणीचा वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवला असेल, तर तो ११५२०० करावा. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण सेकंदाला १० मीटर वेगाने वाहणारी हवा एक मीटर नळी पार करायला दशांश सेकंद घेते. ब्लोअर पूर्ण थांबू न देता अगदी मंद फिरता ठेवला, तर पुन्हा वेग पकडताना अडखळत नाही.

पुण्यात तपकीर गल्लीत हा बोर्ड साधारण पाचशे रुपयांच्या घरात मिळतो. ज्यांच्याकडे संगणकाचे चार तारांचेच पंखे आहेत, त्यांनी तो घेऊ नये, कारण त्या पंख्यांच्या आतल्या सर्किटला याचा ब्रेक लागू होत नाही. ब्रशच्या मोटरचा ब्लोअर असेल, तर मात्र महागडा ब्लोअर शोधण्याआधी हा बोर्ड, एक कपॅसिटर आणि प्रत्येक ब्लोअरसाठी एक फ्यूज एवढे आधी घ्यावे.