एक्स्टेंशन ट्यूबचा संच: मिनियापोलिसच्या एका हिवाळ्यानंतर

हिमकणांचे जवळून फोटो काढायला नोव्हेंबरात घेतलेला हा संच मिनियापोलिसला (अमेरिका) मार्च सरेपर्यंत भरपूर वापरला. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या 12, 20 आणि 36 मिमीच्या तीन पोकळ नळ्या, आत काच नाहीच. माझ्या 50 मिमी लेन्समागे तिन्ही लावल्या की सेन्सरवरची प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी पडते आणि दोन-तीन मिलिमीटरच्या हिमकणाला तेवढं पुरतं. अगदी जवळून फोटो काढायच्या खास मॅक्रो लेन्सच्या मानाने खर्च किरकोळ.

फोटो कसा येणार हे मात्र ट्यूब नाही, ढग ठरवतो. ढगात उणे 15 अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर ओल असेल तर फांद्या फुटलेले सहा हातांचे कण पडतात. उणे 5 ला नुसत्या सुया आणि बुटके खांब. हे गणित जपानचे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकायांनी मांडलं. 1936 मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतच हिमकण वाढवला होता. अंगणातल्या थर्मामीटरवरून ढगाचा नुसता अंदाज येतो, त्यामुळे कधी तासभर कुडकुडून पदरात भुगाच पडतो.

कण झेलायला काळा लोकरी मफलर उत्तम. लोकरीचे तंतू त्याला अधांतरी धरतात. मफलर आधी बाहेर ठेवून गार करायचा आणि श्वास बाजूला सोडायचा. तिन्ही नळ्या लावल्यावर फोकस रिंगचा फारसा उपयोग होत नाही. कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवत बर्स्ट, म्हणजे एका दमात फोटोंची मालिका, मारायचा. उजेडही अडीचेक स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून छोटा एलईडी दिवा तिरका धरतो. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 15 जानेवारी 1885 रोजी कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला, तोही काचेच्या प्लेटवर. आपण बर्स्ट मारूनही कुरकुरतो!

तक्रार एकच, पण मोठी. नळी सोडवायचं बटण जाड हातमोज्यांतून दाबता येत नाही आणि मोजे काढले की धातू बोटांना चावतो. आता घरातूनच जोडणी करून निघतो.

बॅटरी थंडीत भराभर उतरते. जादाची आतल्या खिशात ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे बाष्प पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही. बर्फाच्छादित मैदान टिपताना एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बर्फाला राखाडी करून ठेवतो.

कुंपणावरच्या गोठलेल्या दवाला एकटी 12 मिमीची नळी पुरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जाणाऱ्यांनी तेवढीच न्यावी, आणि उन्हं यायच्या आत पोचावं.

घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेलाच संच घ्या. बिनसंपर्काचा स्वस्त मिळतो, पण बहुतेक आधुनिक लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) मग कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.