बाजारातल्या फळमाश्या आणि त्यांची इन्व्हर्जनं: स्क्वॅश की पीसीआर?

फळबाजारातून ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर धरून आणायच्या आणि त्यांच्यात कुठली इन्व्हर्जनं (गुणसूत्राचे उलटे होऊन बसलेले तुकडे) किती आहेत ते पाहायचं, असा प्रकल्प घेतलात की सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. अळीच्या लाळग्रंथी काढून गुणसूत्रांचा स्क्वॅश करायचा (म्हणजे त्या काचेच्या स्लाइडवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या), की इन्व्हर्जनच्या टोकांवरचे प्रायमर (ठरावीक जागीच बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवून पीसीआर लावायचा, म्हणजे तेवढ्याच डीएनएच्या प्रती काढायच्या? मी दोन्ही केलंय. (ड्रॉसोफिला अनानासी ही दुसरी जात घेतली असेल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच, तिच्यासाठी पारखलेले प्रायमर मला तरी मिळाले नाहीत.)

पीसीआरचे फायदे खरे आहेत. माशी मेलेली चालते, अल्कोहोलमध्ये कितीही दिवस ठेवलेली चालते, नर असो की मादी, थेट तिचंच उत्तर मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ३आर-पेन हे (तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवरचं) इन्व्हर्जन उष्ण उत्तरेकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होत जातं, आणि हा उतार वीसेक वर्षांत सरकल्याचं २००५ मध्ये दाखवलं गेलं. इतक्या ठिकाणच्या इतक्या माश्या हाताळायच्या असतील तर स्क्वॅश सुचवायची माझी हिंमत होणार नाही.

स्क्वॅशला माशी जिवंत लागते, खरं तर तिची अळी लागते, तीही तिसऱ्या अवस्थेतली आणि गुबगुबीत. १८ अंशांना, गर्दी न करता, वर यीस्ट घालून वाढवलेल्या अळीच्या ग्रंथी छान भरतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये थंड इन्क्युबेटर नसेल तर अळ्या घाईनं मोठ्या होतात आणि ऑर्सीन या रंगात गुणसूत्रं केविलवाणी दिसतात. शिवाय रानातून आणलेल्या प्रत्येक मादीची एकच अळी मोजायची, नाहीतर एकाच कुटुंबाची शिरगणती होते. आणि इन्व्हर्जनची खूण असलेला लूप, म्हणजे गुणसूत्रांचा वळसा, दिसतो तो फक्त हेटेरोझायगसमध्ये, म्हणजे जोडीतलं एकच गुणसूत्र उलटलेलं असताना. दोन्ही गुणसूत्रं उलटलेली असतील तर पट्ट्यांचा क्रम नकाशाशी ताडून वाचावा लागतो. नजर बसायला वेळ लागतो, हे कबूल.

तरी माझा कौल फिरला तो जेलवरच्या (पीसीआरचं उत्तर जिथे बँड म्हणजे रेघांच्या रूपात दिसतं) एका रिकाम्या लेनमुळे. एका अळीच्या ग्रंथी स्लाइडवर घेतल्या आणि उरलेल्या शरीरातून डीएनए काढला. पीसीआरमध्ये स्टँडर्डचा, म्हणजे न उलटलेल्या क्रमाचा, बँड लख्ख आला, २एल-टी या दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवरच्या इन्व्हर्जनची लेन कोरी. म्हणजे अळी साधी. स्लाइडवर मात्र २एलवर ठसठशीत लूप! सिक्वेन्सिंग केल्यावर कळलं की प्रायमर जिथे बसायला हवा तिथलं एक अक्षर आमच्या माश्यांत वेगळं होतं. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या, नमुन्यात सगळं व्यवस्थित चालत होतं, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. स्लाइड बिघडली तर ती बिघडलेली दिसते, गुणसूत्रं फाटतात, चुरगळतात, आपण ती फेकून देतो. कोऱ्या लेनचं मात्र आपण ‘इन्व्हर्जन नाही’ असं उत्तर लिहून मोकळे होतो.

दुसरं म्हणजे, पीसीआर फक्त ठरलेल्या नावांची हजेरी घेतो. चार प्रायमर जोड्या असतील तर चारच इन्व्हर्जनं. मेलानोगॅस्टरमध्ये जगभर आढळणाऱ्या नेहमीच्या चौघांशिवाय विरळा, एखाद्याच गावात सापडणारी बरीच इन्व्हर्जनं आहेत, आणि ती स्लाइडवर न विचारता समोर येतात. जनुकशास्त्रज्ञ डोब्झान्स्कींनी कॅलिफोर्नियातल्या सॅन हासिंटो डोंगरांतल्या ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्यूरा या जातीमध्ये ऋतूप्रमाणे स्टँडर्ड आणि चिरिकाहुआ या गुणसूत्र-क्रमांचं प्रमाण वरखाली होताना १९४३ मध्ये दाखवलं, ते अशाच स्लाइडांवरून.

तुमचे नमुने आधीच अल्कोहोलमध्ये पडले असतील, किंवा हाताखाली पाच शहरांचा साठा असेल, तर पीसीआर घ्या. फक्त थोड्या स्थानिक अळ्या दोन्ही पद्धतींनी पडताळून. पण एक-दोन ठिकाणच्याच माश्या आणि हातात एक हिवाळा असेल, तर मी पुन्हा स्क्वॅशच करेन. मादीनं अंडी दिली की तिला टाकून देऊ नका, अल्कोहोलमध्ये नंबर घालून ठेवा. पीसीआर पुढेमागे केव्हाही लावता येतो, अळी मात्र कोषात गेली की ग्रंथी गेल्या.